शेवटच्या परिच्छेदातला देव

१९३८ साल. झावळ्यांच्या रविवारापासून ईस्टरच्या मंगळवारापर्यंत सिमोन वेल फ्रान्समधल्या सोलेमच्या मठात मुक्कामाला होती. वय एकोणतीस, तत्त्वज्ञानाची शिक्षिका, ज्यू घरातली, देवाचा प्रश्न बाजूला ठेवून वाढलेली, आणि डोकेदुखीनं पार गांजलेली. तिथं एका तरुण इंग्रज कॅथलिकाशी तिची गाठ पडली. बोलता बोलता त्यानं सतराव्या शतकातल्या काही इंग्रज कवींचा विषय काढला. पुढे तिनं ते कवी मिळवून वाचले, त्यातली जॉर्ज हर्बर्टची ‘लव्ह’ ही कविता पाठ केली आणि डोकं असह्य ठणकायला लागलं की सगळं लक्ष एकवटून ती म्हणायला लागली. चार वर्षांनी एका फादरना लिहिलेल्या पत्रात तिनं हे सांगितलंय. आपण नुसती एक सुंदर कविता म्हणतोय असंच तिला वाटत होतं; पण तिच्या नकळत त्या म्हणण्याची प्रार्थना होऊन बसली होती. अशाच एका वेळी ख्रिस्त खाली उतरला आणि त्यानं मला ताब्यात घेतलं, असं ती लिहिते.

या हकिगतीतला तो तरुण इंग्रज माझ्या डोक्यातून जात नाही. त्यानं केलं काय? कवींची नावं सांगितली, बस. पार्श्वभूमी दिली नाही, ‘कवीचा संदेश’ सांगितला नाही, कवितेतला प्रभू कुठल्या ओळीत बसलाय ते बोट ठेवून दाखवलं नाही. श्रद्धेच्या बाजूनं इंग्रजी साहित्य शिकवणारी माणसं जगभर आहेत, इलिनॉयच्या व्हीटन कॉलेजपासून आपल्याकडच्या मिशनच्या कॉलेजांपर्यंत, आणि ‘ख्रिस्ती दृष्टिकोनातून शिकवणं म्हणजे नेमकं काय करायचं’ यावर त्यांच्यात बरंच चर्वितचर्वण चालतं. त्या सगळ्या चर्चेपुढे हा पोरगा उभा केला की अवघडायला होतं. कारण आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं की दृष्टिकोन ही तासाच्या शेवटी सांगायची गोष्ट आहे. आधी कविता, मग तिच्यावर ख्रिस्ती टिप्पणी. मला वाटतं, खरी गफलत इथंच होते.

कविता अवघी अठरा ओळींची आहे. सहा-सहा ओळींची तीन कडवी, एक ओळ लांब, एक आखूड. ‘लव्ह’ नावाचा यजमान ‘ये’ म्हणतो. पाहुणा धुळीनं आणि पापानं माखलेला, म्हणून आत पाऊल टाकतानाच कचरतो. यजमानाची नजर तल्लख. त्याला ते कचरणं दिसतं, तो जवळ येतो आणि गोड आवाजात विचारतो, काही कमी आहे का? त्या काळचे लंडनचे दुकानदार गिऱ्हाइकाला हाच प्रश्न जवळपास याच शब्दांत विचारायचे. पाहुणा म्हणतो, कमी आहे ती इथं बसायच्या लायकीच्या पाहुण्याची. यजमान म्हणतो, तो तूच. मग सबबी सुरू होतात. मी निष्ठुर, कृतघ्न, मला तुझ्याकडे बघवत नाही. यजमान हात धरतो आणि हसत विचारतो, डोळे घडवले कुणी? खरं आहे, पण मी ते बिघडवले. आणि त्याचा ठपका कुणी स्वतःवर घेतला, ठाऊक नाही? तेव्हा पाहुण्याकडे एकच पळवाट उरते: बरं, मग मी वाढायला उभा राहतो. यजमान म्हणतो, नाही, तू बसायचंस आणि माझं अन्न चाखायचंस. ‘सो आय डिड सिट अँड ईट.’ संपली कविता. तिच्यात ‘गॉड’ हा शब्द नाही, ‘क्राइस्ट’ नाही, ‘चर्च’ नाही. एकदा पाहुणा यजमानाला ‘लॉर्ड’ म्हणतो, तेही कुणाही थोरामोठ्याला म्हणावं तसं. हर्बर्ट केंब्रिज विद्यापीठाचा अधिकृत वक्ता होता, मोठ्या भाषणांची सवय असलेला माणूस; शेवटची तीन वर्षं तो सॉल्झबरीजवळच्या बेमर्टन या गावी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू होता. १६३३ साली चाळिशीच्या आत वारला. कवितांचं बाड त्यानं मित्राकडे पाठवलं होतं, वाटलं तर छाप, नाही तर जाळून टाक अशा निरोपासह. ते त्याच वर्षी ‘द टेम्पल’ या नावानं छापलं गेलं. ही कविता त्यातल्या मुख्य भागाच्या अगदी शेवटी येते.

आता ही पन्नास मिनिटांच्या तासाला कशी घ्यायची? पहिली दहा मिनिटं फक्त मोठ्यानं वाचन. एकदा शिक्षकानं सलग, दुसऱ्यांदा तीन मुलांनी वाटून: एक निवेदक, एक पाहुणा, एक यजमान. जुन्या छपाईत अवतरणचिन्हं नाहीत, त्यामुळे कुठली ओळ कुणाची हे मुलांना स्वतः ठरवावं लागतं. सोळाव्या ओळीवर हमखास अडतात. ‘मग मी सेवा करतो’ हे पाहुणा म्हणतोय की यजमान? अडू द्यावं, वाद घालू द्यावा, उत्तर लगेच देऊ नये. मग पेन्सिल घेऊन एकाहून जास्त सिलॅबलचे शब्द अधोरेखित करायला सांगायचं. पहिल्या कडव्यात ते ठिकठिकाणी सापडतात. शेवटच्या दोन ओळींत एकही नाही. सगळे शब्द एका दमाचे, तिसरीतल्या पोरालाही उच्चारता येतील असे. मग क्रियापदं. दुसऱ्या कडव्यात यजमान ‘म्हणाला’, तिसऱ्यात तोच यजमान ‘म्हणतो’. गोष्ट भूतकाळात चालली होती, ती अचानक समोर घडायला लागली, आणि शेवटच्या ओळीत पुन्हा भूतकाळात जाऊन शांत झाली. आपल्याकडे अजून एक खड्डा आहे: शेवटून दुसऱ्या ओळीतलं ‘मीट’. त्या वेळच्या इंग्रजीत त्याचा अर्थ साधं अन्न, जेवण. हे आधी सांगितलं नाही तर अर्धा वर्ग मांसाहारावर अडकतो. इतकं सगळं झाल्यावर, म्हणजे अर्धा-पाऊण तास उलटल्यावर, लूकच्या शुभवर्तमानातल्या बाराव्या अध्यायातलं सदतिसावं वचन वाचायचं, जिथं धनी स्वतः कंबर बांधून चाकरांना जेवायला बसवतो आणि त्यांना वाढतो. त्याला जोडून तेविसाव्या स्तोत्रातलं वाढलेलं ताट. प्रभुभोजनाचा, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या चर्चमधल्या विधीचा विषय बहुतेक वेळा वर्गातूनच कुणीतरी काढतं. नाहीच काढला तर शिक्षकानं एका वाक्यात सांगावा आणि पुढे जावं. गृहपाठ एकच: पाठ करून या.

हाच तास वाया घालवण्याच्या दोन हुकमी पद्धती आहेत. पहिली श्रद्धाळू शिक्षकाची. तो सुरुवातच करतो, ‘ही कविता प्रभुभोजनाविषयी आहे.’ त्या क्षणी मुलं वाचायची थांबतात. उत्तर हातात आल्यावर गणित कोण सोडवतो? पाहुण्याचं कचरणं, हात धरणं, हसणं, सगळं उपदेशाचं सामान होऊन बसतं. दुसरी पद्धत संकोची शिक्षकाची. तो ‘इथे धार्मिक प्रतिमासृष्टी आढळते’ असं म्हणून मेटाफिजिकल काव्याच्या (हर्बर्ट ज्यांच्यात मोडतो त्या कवींच्या काव्याला दिलेलं नाव) पाच वैशिष्ट्यांकडे वळतो, जी गाईडमध्ये आहेतच. त्याला भीती असते की ठपका कुणी घेतला या प्रश्नाचं ‘ख्रिस्तानं’ हे उत्तर दिलं तर धर्मप्रचार होईल. पण ते उत्तर दिल्याशिवाय पाहुणा बसतोच का, हेच कळत नाही. पहिला कवितेतलं माणूसपण झाकतो, दुसरा तिच्यातला देव. कविता दोघांच्याही हाती लागत नाही.

महाराष्ट्रात ही कविता शिकवताना एक गोष्ट अशी घडते जी इंग्लंडात घडत नसावी. इथं ‘मी बसायच्या लायकीचा नाही’ हे वाक्य नुसतं आध्यात्मिक राहत नाही. कोण कुणाच्या पंक्तीला बसतं, कुणाच्या हातचं पाणी कोण पितं, यावर इथं शतकानुशतकं माणसं तोलली गेली. चोखोबा पंढरीत देवळाबाहेर उभे राहिले हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिलंय, की नवरा ख्रिस्ती झाल्यावरही त्यांचं सोवळंओवळं सुटत नव्हतं, आणि मग एकदा विचार करता करता जातिभेद माणसानंच केलाय असं मनाशी ठरलं तेव्हा कुणाच्याही हातचं खायची त्यांची तयारी झाली. हर्बर्टच्या पाहुण्याशेजारी लक्ष्मीबाईंचा हा उतारा ठेवला की वर्गातली चर्चा एकदम जमिनीवर येते. मात्र इथंही घाई नको. हर्बर्टचा पाहुणा कुणी बाहेर ठेवलेला माणूस नाही. त्याला आत बोलावलंय आणि तोच मागे सरकतोय. बाहेर ठेवलेल्याचं दुःख वेगळं आणि आत येऊन लाजणाऱ्याचं वेगळं. हा फरक एखादी विद्यार्थिनी स्वतःहून दाखवते तेव्हा तास सार्थकी लागला म्हणायचं, मग ती कुठल्याही धर्माची असो.

हर्बर्टची दुसरी कविता ‘द कॉलर’ मराठी वर्गात फारच सोपी जाते. पाळकी पेशाला वैतागलेला माणूस मेजावर हात आपटून ‘पुरे झालं, चाललो मी’ म्हणतो आणि बत्तीस ओळी नुसता तणतणतो. ओळींची लांबी वेडीवाकडी, यमकं कुठंही कशीही. शेवटच्या चार ओळींत यमकं मुकाट्यानं एकाआड एक जुळतात आणि ‘मुला!’ अशी हाक येते. तो म्हणतो, ‘माझ्या प्रभू.’ इंग्रज मुलांना म्हणे हे समजावून द्यावं लागतं की भक्तानं देवावर असं ओरडणं चालतं का. जनाबाई विठोबाला ‘विठ्या’ म्हणून फटकारते हे ज्यांनी ऐकलंय त्यांना कसलं समजावणार! रेव्हरंड टिळक म्हणायचेच, की मी तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हर्बर्टकडे जायलाही हाच पूल आहे. फक्त पूल ओलांडल्यावर मागे वळून फरकही बघावा लागतो. हर्बर्टचं भांडण भूतकाळात सांगितलेलं आहे, म्हणजे सांगणारा घरी परत आल्यावर सांगतोय. अभंगातलं भांडण बहुधा चालू वर्तमानातलं असतं, मिटेल की नाही याची खात्री नसलेलं. दोन्हींची सरमिसळ करून ‘सगळे संत सारखेच’ असा निष्कर्ष काढणारी उत्तरपत्रिका वाचली की मला तरी वाटतं, त्या मुलानं दोन्ही कवींना निम्मंच ऐकलं.

इतिहासाचा एक काटा मात्र इथं टोचतोच. आपल्याकडे इंग्रजी साहित्य हा विषय आला तोच जरा तिरक्या वाटेनं. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेनं मिशनऱ्यांना दार उघडलं. मुंबईत १८३२ साली जॉन विल्सननी शाळा काढली, तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. तिथं बायबल उघड शिकवलं जाई. सरकारी शाळांत धर्माबाबत तटस्थ राहायचं धोरण होतं, म्हणून तिथं बायबलऐवजी मिल्टन, बेकन, ॲडिसन असे इंग्रज लेखक आले आणि त्यांनीच नीती शिकवावी अशी अपेक्षा राहिली. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मधल्या अभ्यासात दाखवून दिलं, की इंग्रजी साहित्य हा अभ्यासक्रमातला विषय म्हणून इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात रुजला, आणि राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी रुजला. त्यामुळे ‘ख्रिस्ती दृष्टिकोनातून इंग्रजी’ म्हटलं की समोरच्याच्या कपाळाला आठी पडते, आणि त्या आठीला कारण आहे. तिच्यावर माझ्या मते एकच उपाय आहे: कविता गळाला लावायचं आमिष म्हणून वापरायची नाही. आमिष म्हणून वापरलेली कविता ही आधी वाईट वाचन असते, मग वाईट प्रचार.

मिल्टनच्या बाबतीत तर सिलॅबसच घात करतो. आपल्याकडच्या कित्येक विद्यापीठांत ‘पॅरडाइज लॉस्ट’ या त्याच्या महाकाव्याचा फक्त पहिला सर्ग लावलेला असतो. पहिल्या सर्गात सैतान ऐन भरात आहे. देवाविरुद्धचं बंड हरलेला, जळत्या सरोवरातून उठलेला, ढालीचं वर्णन चंद्राएवढं, भाषण असं की टाळ्या पडाव्यात. मन हीच आपली जागा, ते नरकाचा स्वर्ग करू शकतं, हे त्याचं वाक्य मुलं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतात. सर्ग संपतो आणि परीक्षेत प्रश्न येतो: सैतान नायक आहे का? अर्थातच आहे, पुढचं वाचलंय कुणी! श्रद्धाळू शिक्षक यावर घाबरून पहिल्याच दिवशी ताकीद देतो की सैतान वाईट आहे बरं का. हे अगदीच बावळटपणाचं. मिल्टनला वाचक आधी भुलायलाच हवा होता. स्टॅन्ली फिश या समीक्षकानं १९६७ साली हाच मुद्दा मांडला, की सैतानाच्या वक्तृत्वाला भुलणं हा वाचकाचा स्वतःचा पतनाचा अनुभव आहे. म्हणून मुलांना भुलू द्यावं. पहिला सर्ग संपला की सैतानाची स्तुती करणारा एक परिच्छेद लिहून घ्यावा, तारीख टाकून ठेवून द्यावा. मग दोन पानांची झेरॉक्स वाटावी. एकावर चौथ्या सर्गातले दोन तुकडे: पंचाहत्तराव्या ओळीच्या आसपास तोच सैतान कबूल करतो की जिकडं पळावं तिकडं नरक, मीच नरक, आणि आठशेव्या ओळीला तो झोपलेल्या ईव्हच्या कानाशी बेडकासारखा बसलेला सापडतो. दुसऱ्यावर दहाव्या सर्गातल्या ५०४ ते ५४७ या ओळी: विजयाचं भाषण संपवून तो टाळ्यांची वाट बघतो आणि चहूकडून फूत्कार ऐकू येतो, मग त्याचेही हातपाय अंगाला चिकटत जातात आणि तो साप होऊन पोटावर आपटतो. एका तासात बसतं. त्यानंतर ज्याचा त्याचा परिच्छेद परत द्यावा. काहीजण खाडाखोड करतात, काहीजण हट्टानं तसाच ठेवतात आणि कवी ब्लेकचं नाव घेतात, की मिल्टन स्वतःच नकळत सैतानाच्या पक्षाचा होता. ठेवू द्यावा. फक्त आता त्यांना दहाव्या सर्गाचा हिशेब देऊन तो ठेवावा लागतो.

संत ऑगस्टीननं धर्मग्रंथ कसा वाचावा यावर लिहिताना एक जागा फार बारकाईनं हाताळलीय. लेखकाच्या मनात नसलेला अर्थ एखाद्यानं काढला, पण त्यातून प्रेमच वाढलं, तर तो वाट चुकून शेतातून मुक्कामी पोचलेल्या माणसासारखा आहे. पोचला, हे खरं. तरी त्याला वाट दाखवावी, कारण शेतातून जायची सवय लागली की एक दिवस भलतीकडे जाईल. वर्गात ही सवय ‘ख्रिस्तशोध’ या रूपात दिसते. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’मधला म्हातारा डोलकाठी खांद्यावर घेऊन चढ चढतो, त्याचे तळहात फाटलेले असतात, क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या या खुणा खऱ्या आहेत, हेमिंग्वेनं जाणूनबुजून ठेवलेल्या आहेत. पण मुलं तिथं ‘म्हणजे सांतियागो हा येशू’ असं लिहून पेन खाली ठेवतात. बरं, मग पुढे काय? तो मासा कोण, शार्क कोण, आणि तारण कुणाचं झालं? खूण ओळखणं ही सुरुवात आहे. त्या खुणेनं गोष्टीत काय बदललं आणि ती कुठं जुळत नाही, हे लिहिलं तरच मार्क. उलट बाजूची गैरसोय अशी की बहुसंख्य मराठी मुलांनी बायबलच्या गोष्टी ऐकलेल्याच नसतात. त्यावर सेमिस्टरच्या सुरुवातीला गोष्टींचा एक आठवडा पुरतो: उत्पत्तीचे पहिले चार अध्याय, निर्गममधली वल्हांडणाची रात्र, ईयोबाचे पहिले तीन आणि अडतिसावा, स्तोत्रं २३, ५१, १३७, लूकचा पंधरावा, मत्तयचा विसावा आणि पंचविसावा, योहानाचा विसावा. मराठीतूनच वाचावं, गोष्ट म्हणून वाचावं. उधळ्या पुत्राचा अख्खा अध्याय पाच मिनिटांत वाचून होतो, आणि अर्ध्या इंग्रजी कादंबरीचं कुलूप त्यानं उघडतं.

लेखनाकडे वळलं की मात्र श्रद्धाळू मुलांचीच जास्त पंचाईत होते. संडे स्कूलमध्ये वाढलेल्या मुलाचा पुरावरचा निबंध घ्या. भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ, भिजलेल्या तांदळाचा आंबूस वास, दप्तर वाळत घातलेली दोरी, तीन परिच्छेद अगदी नीट बघून लिहिलेले. आणि चौथा: ‘यावरून देवाची योजना किती थोर आहे हे आपल्याला कळते.’ कुठून कळलं? वरच्या तीन परिच्छेदांत तर तसं काही घडलेलं नाही. (आपल्या बाकीच्या शाळांतही हा परिच्छेद असतोच, तिथं देवाच्या जागी झाडे लावण्याचा संकल्प असतो.) मुलाला वाटतं, हा परिच्छेद नसेल तर निबंध ख्रिस्ती ठरणार नाही. इंग्रज लेखिका डॉरथी सेअर्सनी १९४२ साली एका भाषणात चर्चलाच सुनावलं होतं, की सुताराला दारू पिऊ नकोस आणि रविवारी देवळात ये एवढंच सांगता. त्याच्या धर्माची त्याच्याकडून पहिली मागणी ही आहे की त्यानं टेबल चांगलं करावं. निबंधाचंही तेच. शेवटचा परिच्छेद बोटानं झाकावा आणि उरलेलं वाचावं. काहीच कोसळलं नाही तर तो लागतच नव्हता. काही कोसळलं तर ते विधान मधेच कुठंतरी, चिखलाच्या रेघेच्या शेजारी यायला हवं होतं, आणि तिथं ते पेललं असतं का हे तपासावं. बहुतेक वेळा पेलत नाही, आणि मग मुलाला खरं लिहावं लागतं की त्या रात्री देवाची योजना वगैरे काही कळली नव्हती, नुसती भीती वाटली होती. बाबा पद्मनजींच्या ‘यमुनापर्यटन’कडे मी याच नजरेनं बघते. १८५७ सालचं पुस्तक, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून मान मिळालेलं. त्यातल्या विधवांच्या हकिगती आजही वाचवत नाहीत इतक्या जिवंत आहेत. पात्रं धर्मचर्चेला बसली की पानं उलटली जातात. हर्बर्टसुद्धा यातून सुटलेला नाही. ‘द टेम्पल’च्याच सुरुवातीला ‘द चर्च-पोर्च’ नावाची लांबच लांब उपदेशपर कविता आहे. डोकं ठणकताना ती कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

फ्लॅनरी ओ’कॉनर इथं फार कामाला येते. अमेरिकेतल्या जॉर्जियातली कथालेखिका, कट्टर कॅथलिक बाई, एकोणचाळिसाव्या वर्षी ल्युपस या आजारानं गेली. तिची ‘अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड’ ही कथा वाचून झाल्यावर वर्ग गप्प बसतो आणि मग कुणीतरी विचारतं, यात ख्रिस्ती काय आहे? एक अख्खं कुटुंब रस्त्याकडेला मारलं जातं. मिरवणारी, खोटं बोलणारी आजी शेवटच्या क्षणी त्या खुन्याकडे बघून ‘तू माझ्याच लेकरांतला एक’ म्हणत त्याच्या खांद्याला हात लावते, आणि तो साप चावल्यासारखा मागे उडी मारून तीन गोळ्या घालतो. ओ’कॉनरनं वाचकांना सांगितलं होतं की प्रेतं मोजू नका, आजीच्या मनात कृपेनं काय केलं ते बघा. वर्गात मी म्हणेन, आधी हातच बघा. पूर्ण गोष्टीत आजीनं दुसऱ्या कुणाला असा हात लावलाय का, शोधा. तिनं याआधी कुणाकुणाला ‘चांगला माणूस’ म्हटलं आणि प्रत्येक वेळी त्यामागे काय हवं होतं, त्याची यादी करा. ‘कृपा’ हा शब्द यादी झाल्यावर उच्चारायचा. गोष्टीत तो कुठेच समजावून सांगितलेला नाही, आणि तरी सगळी गोष्ट त्याच्याच जोरावर उभी आहे.

वादविवादाच्या लेखनासाठी मला दहा आज्ञांमधली एकच पुरेशी वाटते: आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. अहिल्यानगरकडच्या प्रॉटेस्टंट मुलांच्या मोजणीत ती नववी, वसईच्या कॅथलिक मुलांच्या मोजणीत आठवी. त्यावरून वर्गात दोन मिनिटं हशा होतो, होऊ द्यावा. सराव असा: ज्याच्याशी आपलं मुळीच पटत नाही असा सहाशे-सातशे शब्दांचा लेख निवडायचा. दोनदा वाचून पुस्तक मिटायचं आणि एकशेवीस शब्दांत त्याचं म्हणणं लिहायचं, ‘बिचारा’, ‘तथाकथित’, ‘म्हणे’ असली विशेषणं आणि टोमणे वगळून. मग तो लेख पटणाऱ्या वर्गमित्राला दाखवायचं. ‘हो, हेच म्हणायचंय’ असं म्हणून त्यानं सही केली तरच पुढे जायचं, नाही तर पुन्हा लिहायचं. त्यानंतर तीनशे शब्दांत उत्तर. चुका ठरलेल्या असतात. अर्धं वाक्य उचलून ‘पण’च्या आधी तोडणं. ‘काही लोक म्हणतात’ असा बिनचेहऱ्याचा विरोधक उभा करणं. मुद्द्याऐवजी हेतू सांगणं, म्हणजे ‘यांना खरं तर अमुकच हवंय’. पहिल्या चुकीला साधा इलाज आहे: कच्च्या खर्ड्यात प्रत्येक अवतरणाबरोबर त्याच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य उतरवून ठेवायची सक्ती. सही मिळवताना सगळ्यात जास्त फेऱ्या हुशार मुलांना माराव्या लागतात. त्यांना उत्तर आधी सुचलेलं असतं, ऐकणं मागून येतं.

उरला मार्कांचा प्रश्न, आणि दृष्टिकोनाची खरी परीक्षा तिथंच होते. नाव झाकून, फक्त रोल नंबर ठेवून तपासावं. वीस मार्कांतले आठ कवितेतल्या पुराव्याला, पाच युक्तिवादाला, चार भाषेला, तीन दुसऱ्याचं म्हणणं नीट मांडण्याला. श्रद्धेला शून्य, अश्रद्धेलाही शून्य. समजा ‘द कॉलर’वर दोन उत्तरं आली. एक म्हणतं, देवाचं प्रेम अथांग आहे, आणि दीड पानात एकही ओळ उद्धृत करत नाही. दुसरं सरळ लिहितं की बंडाच्या बत्तीस ओळी ही खरी कविता, शेवटची शरणागती कवीनं वरून चिकटवलीय. आणि त्यासाठी यमकांचा तक्ता काढून दाखवतं, चूक वाटली तरी तपासता येईल असा. पहिल्याला सात, दुसऱ्याला सोळा. पालक किंवा पाळकसाहेब विचारायला आलेच, तर दोन्ही पेपर त्यांच्यापुढे ठेवावेत, शेजारी कविता ठेवावी, आणि सोळावाला आधी वाचायला द्यावा.